सासऱ्यांना खरजेसाठी आयव्हरमेक्टिन दिलंय, घोड्याचं औषध माणसाला चालतं का?

चिमणी_२१ (३ जून, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सासऱ्यांना (वय ७४, वजन ५८ किलो) दोन महिने झाले खाज आहे. दिवसा त्यातल्या त्यात बरं असतं, रात्री पांघरुणात शिरले की सुरू. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कमरेचा नाडीखालचा पट्टा, नुसतं ओरबाडून ठेवलंय. आधी एका डॉक्टरांनी ऍलर्जी म्हणून स्टिरॉइडचं मलम दिलं, आठवडाभर बरं वाटलं आणि मग दुप्पट. काल शेवटी स्किनवाल्यांकडे नेलं. त्यांनी भिंगातून मनगट बघितलं, एक बारीकशी वाकडी रेघ होती तिच्या टोकाला ब्लेडने हलकंच खरवडलं, काचेवर तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली धरलं आणि मला म्हणाले, या, बघा. गोलमटोल, आखूड पायांचं काहीतरी होतं आणि चक्क हलत होतं हो! शेजारी दोन अंडी. मला तिथेच खाजायला लागलं.

तर निदान खरूज. आयव्हरमेक्टिन १२ मिग्रॅ एक डोस आत्ता, दुसरा १४ दिवसांनी, शिवाय पर्मेथ्रिन ५ टक्के मलम घरातल्या सगळ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं.

घरी आल्यावर दिरांनी नाव वाचलं, फोनवर शोधलं आणि म्हणाले, वहिनी हे घोड्यांचं जंताचं औषध आहे, करोनात लोक हेच खाऊन हॉस्पिटलात गेले, बाबांना अजिबात द्यायचं नाही. नणंदेला फोन केला तर तिने उलटा व्हिडिओ पाठवला की ह्याने कॅन्सरसुद्धा बरा होतो, रोज एक द्या. एकच गोळी, एक जण विष म्हणतोय एक जण अमृत. गोळ्या अजून पाकिटातच आहेत आणि बाबा आत्ता पलीकडच्या खोलीत खाजवतायत, मला इथे ऐकू येतंय.

बाबा रक्त पातळ व्हायची गोळी घेतात (वॉरफरिन). माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, १३ किलो. कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

औषधवाला (४ जून, सकाळी ७:०५)

ताई, आधी हिशोब करू म्हणजे घाबरायचं किती ते कळेल. खरजेला नेहमीचा डोस किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. ५८ गुणिले २०० म्हणजे ११.६ मिग्रॅ, म्हणून डॉक्टरांनी १२ लिहिलं. अगदी बरोबर आहे.

दोन डोस का, तर औषध किडा मारतं पण अंड्यांवर त्याचा भरवसा नाही. पहिल्या डोसानंतर जी अंडी फुटतील त्यांच्यासाठी दुसरा. पहिल्या गोळीनंतर बरं वाटलं म्हणून दुसरी कपाटात ठेवून देणारे मी रोज बघतो, तसं करू नका.

वॉरफरिनचं त्या डॉक्टरांना सांगितलंत का? बहुतेक वेळा काही होत नाही पण दोन्ही बरोबर घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा आज फोन करून सांगा, ते एखादी रक्ततपासणी लावतील.

मुलीला गोळी नाही. १५ किलोच्या आतल्या मुलांना ही देत नाहीत, तेवढ्या लहान मुलांमधली सुरक्षितता नीट तपासलेली नाही म्हणून. तिला मलमच, आणि तिच्या वयाला डोक्यावर, कानामागे पण लावायचं का ते विचारून घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर तिलाही मलमच.

खवचट_कावळा (४ जून, सकाळी ७:३१)

पेनिसिलिन गायीलाही टोचतात, म्हणून दीर न्यूमोनिया झाल्यावर घेणार नाहीत का? :)

गोठ्यातला_डॉक्टर (४ जून, सकाळी ९:१२)

हा माझा प्रांत म्हणून लिहितो. मी जनावरांचा डॉक्टर, आयव्हरमेक्टिन माझ्या बॅगेत कायम असतं.

दिरांचं अर्धं बरोबर आहे. हे औषध १९८१ साली आधी जनावरांसाठीच बाजारात आलं, माणसांसाठी परवानगी १९८७ ला. पण गंमत बघा. घोड्यासाठीची जी पेस्टची सिरिंज मिळते ती १.८७ टक्क्यांची, ६ ग्रॅमच्या जराशी वर, म्हणजे आत साधारण ११३ मिग्रॅ औषध. ती साडेपाचशे-पावणेसहाशे किलोच्या घोड्यासाठी असते. भागाकार करा, किलोमागे किती येतं? २०० मायक्रोग्रॅम. तुमच्या सासऱ्यांना जेवढं दिलंय तेवढंच! घोड्याचा डोस आणि माणसाचा डोस किलोला सारखाच आहे, फरक एवढाच की त्या एका सिरिंजमध्ये तुमचे नऊ-दहा सासरे बसतात.

करोनात लोकांनी नेमकं तेच केलं. सिरिंजच्या दांड्यावर वजनाच्या खाचा असतात, त्या न बघता अंदाजे पिळली. काहींनी तर गुरांच्या पाठीवर ओतायचं पातळ औषध प्यायलं, ते कातडीतून आत जावं म्हणून स्पिरिटसारख्या द्रावकात बनवलेलं असतं, प्यायचं नसतंच ते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या विषबाधा केंद्राकडे एका महिन्यात अशा २१ जणांचे फोन आले, ६ जणांना ऍडमिट करावं लागलं. त्यातले सगळेच काही जनावरांचं घेणारे नव्हते, काहींनी माणसांच्या गोळ्याच भरमसाठ किंवा दिवसेंदिवस खाल्ल्या होत्या.

अजून एक, कॉली जातीच्या कुत्र्यांना आम्ही हे फार जपून देतो. बऱ्याच कॉलींमध्ये एका जनुकात दोष असतो त्यामुळे औषध थेट मेंदूत शिरतं, कुत्रं आधी झिंगल्यासारखं चालतं, लाळ गाळतं आणि मग कोमात. मी एकदा बघितलंय, चार दिवस त्याच्या शेजारी बसून काढले. उतारा नाही ह्याला, नुसती शुश्रूषा करत बसायचं.

चिमणी_२१ (४ जून, सकाळी ९:४०)

बापरे. माणसांत असा दोष असतो का??

त्वचेचं_पुराण (४ जून, दुपारी १:२०)

ओपीडी संपवून लिहितेय. (त्वचारोगतज्ज्ञ आहे, पण इथलं वाचून स्वतःच्या डॉक्टरांचं ऐकणं सोडू नका.)

असतो, पण अतिशय दुर्मिळ. २०२० मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाची केस छापून आली होती, नेहमीच्या एका डोसानंतर बेशुद्ध झाला, तपासलं तर त्याच्या त्याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. बरा झाला तो.

हे समजायला औषध काम कसं करतं ते बघा. जंत, किडे, ऊवा ह्यांच्या नसांत आणि स्नायूंत एक खास दार असतं, ग्लुटामेटने उघडणारं, त्यातून क्लोराइड आत जातं. आयव्हरमेक्टिन ते दार उघडं धरून ठेवतं, नस थंड पडते, किडा लुळा होतो आणि मरतो. आपल्याकडे ते दार मुळातच नाही. त्याच्या नात्यातली दारं आपल्या मेंदूत आहेत, पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो, तो औषध आत शिरलं की परत बाहेर फेकतो. कॉलीमध्ये तो पंप बिघडलेला. आणि पेस्टची सिरिंज एकदम रिकामी केली की चांगल्या पंपाचीही दमछाक होते, मग चक्कर, तोल जाणं, अंधुक दिसणं, गोंधळणं, झटके, तिथपर्यंत जातं. ठरलेल्या डोसात सहसा मळमळ, जुलाब, थोडी गरगर, एवढंच.

ताई, पहिल्या डोसानंतर दोन-तीन दिवस खाज वाढली तर घाबरू नका, मेलेल्या किड्यांवर शरीर चिडतं. आणि किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. ती ऍलर्जीची खाज असते, त्यासाठी आणखी गोळ्या मागायच्या नाहीत. हे मी पेशंटला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते तरी लोक आठव्या दिवशी हजर.

शंकासूर (४ जून, दुपारी ३:०२)

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून जरा दुसरी बाजू. ह्या औषधाला २०१५ चं नोबेल मिळालंय. अब्जावधी डोस दिले गेलेत जगात. सातोशी ओमुरांनी जपानात गोल्फ कोर्सजवळची माती उचलली, त्यातल्या जिवाणूपासून हे निघालं, जगात दुसरीकडे तो जिवाणू सापडला नाही. आफ्रिकेत लाखो लोकांची दृष्टी वाचवली. इतकं सुरक्षित औषध करोनात मात्र अचानक 'घोड्याचं' झालं? २०२० ला ऑस्ट्रेलियात मोनॅश युनिव्हर्सिटीत ४८ तासांत विषाणू साफ झाला होता हे कोणी का सांगत नाही? स्वस्त औषधात कोणाला नफा नसतो, बाकी ज्याने त्याने समजून घ्या.

खवचट_कावळा (४ जून, दुपारी ३:०९)

आला, आला. धागा शंभरी गाठणार.

त्वचेचं_पुराण (४ जून, रात्री ९:५५)

शंकासूर, तुमची पहिली पाच वाक्यं मी फ्रेम करून लावीन. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल, दोघांना नोबेल परजीवींवरच्या कामासाठी मिळालं आणि ते हक्काचं आहे. रिव्हर ब्लाइंडनेससाठी (जंतामुळे दृष्टी जाते तो रोग) हे औषध 'लागेल तितकं, लागेल तितके दिवस' फुकट द्यायचं मर्क कंपनीने १९८७ ला जाहीर केलं आणि आजही देतात. गोळी मोठा जंत मारत नाही, त्याची पिल्लं मारते, मोठा जंत दहा-पंधरा वर्षं जगतो म्हणून दरवर्षी किंवा सहा महिन्यांनी डोस, अख्ख्या गावाला, वर्षानुवर्षं. ह्याच चिकाटीने नायजर देश २०२५ मध्ये त्या रोगातून मुक्त झाला, आफ्रिकेतला पहिला. फुकट वाटलेल्या औषधाने हे झालंय, त्यामुळे नफ्याचा मुद्दा तुम्हीच जरा तपासा.

आता मोनॅश. तो प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर होता आणि औषधाचं प्रमाण ५ मायक्रोमोलर होतं. १२ मिग्रॅची गोळी घेतल्यावर रक्तात जास्तीत जास्त जे चढतं त्याच्या हे शंभरेक पटीच्या घरात आहे. भांड्यात फिनाइलनेही विषाणू मरतो हो.

तरी लोकांनी माणसांवर करून बघितलं, कोणी दाबून ठेवलं नाही. ब्राझीलमध्ये १३५८ पेशंट, तीन दिवस दुप्पट डोस (किलोमागे ४००), २०२२ ला निकाल: हॉस्पिटलात जायचं प्रमाण कमी झालं नाही. अमेरिकेत आणखी वाढवून किलोमागे ६०० सहा दिवस, २०२३ ला निकाल: लवकर बरं वाटलं नाही. इजिप्तमधला जो अभ्यास सगळीकडे फिरत होता तो २०२१ च्या जुलैमध्ये मागे घेतला गेला, आकडेवारीतच गडबड होती.

शंकासूर (४ जून, रात्री १०:४८)

ब्राझीलचं मान्य. पण मग काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला होता तो काय हवेतून आला? आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर निरोगी लोकांना १२० मिग्रॅपर्यंत देऊन बघितलंय, काही झालं नाही त्यांना. तेव्हा थोडं जास्त घेतलं की मेला माणूस असं चित्र रंगवणंही चुकीचंच ना.

त्वचेचं_पुराण (५ जून, सकाळी ६:२०)

दुसरा मुद्दा बरोबर, १२० मिग्रॅचा तो अभ्यास खरा आहे. एका डोसाला ह्या औषधात बरीच मोकळीक आहे. पण ते तपासलेले, निरोगी, देखरेखीखालचे स्वयंसेवक होते. रोज, आठवडेच्या आठवडे, वय सत्तरीचं, बरोबर आणखी चार गोळ्या, हे त्या अभ्यासात नव्हतं. औषध चरबीत मुरतं, जेवणाबरोबर घेतलं तर जवळजवळ अडीच पट शोषलं जातं, आणि रोज घेतलं की साठत जातं.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर मात्र मला फार आवडतं. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक जंत आहे, मातीतून पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतल्या आत पुन्हा पुन्हा स्वतःची लागण करत वीस-तीस वर्षं गुपचूप राहतो. माणसाला पत्ताच नसतो. अशा माणसाला स्टिरॉइड दिलं की तो जंत उसळतो, फुप्फुसं, मेंदू, सगळीकडे पसरतो, जीव जातो. करोनात स्टिरॉइड किती दिली गेली आठवा. ह्या जंतावर पहिल्या पसंतीचं औषध कोणतं? आयव्हरमेक्टिन! २०२२ मध्ये एका विश्लेषणात दिसलं की जिथे हा जंत जास्त तिथल्या चाचण्यांत आयव्हरमेक्टिनने जीव वाचल्यासारखं दिसतं, जिथे कमी तिथे काहीच नाही. म्हणजे औषध बहुधा आपलं नेहमीचंच काम करत होतं, श्रेय करोनाच्या खात्यावर जमा झालं.

शंकासूर (५ जून, सकाळी ८:११)

हे जंताचं माहीत नव्हतं. वाचतो. (नफ्याचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.)

औषधवाला (५ जून, सकाळी ८:३०)

'सगळ्यांना वाटून टाका, निरुपद्रवी आहे' म्हणणाऱ्यांसाठी एक भर. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा दुसरा जंत आहे, कधीकधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरपटताना दिसतो. ज्याच्या रक्तात त्याची पिल्लं खूप असतात, मिलिलिटरला तीस हजारांच्या वर, त्याला आयव्हरमेक्टिनचा साधा डोस दिला तर एवढी सगळी एकदम मरतात आणि मेंदूला सूज येऊन माणूस कोमात जाऊ शकतो. कॅमेरूनमध्ये त्यासाठी फोनला जोडलेल्या मायक्रोस्कोपने बोटाचा थेंब बघून मगच गोळी द्यायची पद्धत काढली. औषध तेच, डोस तोच, फक्त रक्तात कोण बसलंय त्याने सगळं बदललं.

आणि जंत म्हटलं की हीच गोळी असंही नाही. चपट्या कृमींवर आणि पट्टकृमींवर हिचा काही उपयोग नाही.

मनीमाऊ (५ जून, रात्री ११:१५)

विषयांतर होतंय पण विचारते. वर कॅन्सरचा उल्लेख आला म्हणून. माझ्या मावशीची केमो चालू आहे आणि मावसभाऊ कुठूनतरी आयव्हरमेक्टिन आणि सोबत कुत्र्यांचं कुठलंसं जंताचं औषध आणून रोज देतोय, डॉक्टरांना सांगितलेलं नाही कारण ते ओरडतील. मला झोप लागत नाही. त्याला वाईट म्हणवत नाही हो, आईसाठी करतोय तो.

त्वचेचं_पुराण (६ जून, सकाळी ६:०५)

मनीमाऊ, विषयांतर अजिबात नाही. भांड्यातल्या पेशींवर आणि उंदरांवर काही परिणाम दिसलेत, त्यावरून संशोधन चालूही आहे, पण माणसाचा कॅन्सर ह्याने बरा होतो असं दाखवणारी एकही पक्की चाचणी नाही. आणि केमोची काही औषधं लिव्हरमध्ये जिथे मोडली जातात तिथेच हेही मोडलं जातं, तो मेंदूचा पंपही दोघांत सामायिक असतो. उद्या मावशीला भोवळ आली, लिव्हरचे आकडे वाढले तर डॉक्टर केमोला दोष देतील आणि डोस कमी करतील किंवा थांबवतील. भावाला 'बंद कर' म्हणू नका, भांडण होईल. 'दोन्ही पाकिटं घेऊन जाऊ आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवू' एवढंच म्हणा. आम्ही ओरडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा नुसतं लिहून घेतो.

मनीमाऊ (६ जून, सकाळी ६:४०)

बरं. आज बोलते त्याच्याशी.

गोठ्यातला_डॉक्टर (६ जून, सकाळी १०:००)

कॅन्सरवरून आठवलं नाही, पण एक मलेरियाचं सांगायचं राहिलं. हे औषध घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायलं की डास मरतो. केनियात गावंच्या गावं तीन महिने महिन्याला एक डोस देऊन बघितलं, २०२५ मध्ये निकाल आला, मुलांमधली मलेरियाची लागण २६ टक्के कमी. मला हे भारी वाटतं, माणूसच डासाचं विष. मात्र ह्याची दुसरी बाजूही मी बघतो, औषध दिलेल्या गुरांच्या शेणात ते उतरतं आणि शेणकिडे मरतात, शेण तसंच वाळत पडून राहतं.

चिमणी_२१ (१९ जून, रात्री १०:२०)

अपडेट द्यायचा राहिला. त्याच दिवशी डॉक्टरांना वॉरफरिनचं सांगितलं, त्यांनी आयएनआर करून घेतलं, ठीक होतं, मग डोस दिला. तिसऱ्या रात्री खाज खरंच वाढली, तुमचं वाचलं नसतं तर मी रडले असते. आता रात्री चार-पाच तास सलग झोपतात. परवा दुसरा डोस झाला. चादरी, कपडे कडक गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून बाजूला ठेवलं. मुलीला मलम लावताना तिने अख्खं घर डोक्यावर घेतलं.

चिमणी_२१ (११ जुलै, रात्री ११:०५)

परत आले :( बाबांच्या मनगटावर नवी रेघ. पुन्हा खरवडून बघितलं, जिवंत किडा. औषधाला सरावले का हे किडे? डोस वाढवायचा का?

त्वचेचं_पुराण (१२ जुलै, सकाळी ६:१५)

दाद न देणारे किडे असतात, पण त्याआधी साधं कारण शोधा. घरात कोणी मलम लावलं नाही असं आहे का? पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला तीन ते सहा आठवडे जातात. तोवर माणूस मजेत असतो आणि वाटत फिरतो. नेहमीच्या खरजेत अख्ख्या अंगावर दहा-पंधराच किडे असतात, दिसणार कुठून.

चिमणी_२१ (१२ जुलै, सकाळी ९:३३)

दीर! रात्री बाबांच्या खोलीत तेच झोपतात. 'मला कुठे खाज आहे' म्हणून लावलंच नाही म्हणे. आणि आता दोन दिवस बघतेय, सारखं कमरेला खाजवतायत. धाग्याची लिंक पाठवली आहे त्यांना.

खवचट_कावळा (१२ जुलै, सकाळी ९:३५)

घोडा सापडला.

नवा_सभासद_८८ (१२ जुलै, रात्री १०:५२)

नमस्कार. मी तो दीर. सगळं वाचलं, दोनदा. आज जाऊन आलो, माझ्याही बोटाच्या बेचक्यात निघाला. माझं वजन ८१ किलो आहे म्हणजे ८१ गुणिले २००, १६.२ मिग्रॅ ना? डॉक्टरांनी १५ लिहिलंय. कमी नाही ना पडणार?

औषधवाला (१२ जुलै, रात्री ११:०८)

नाही पडणार दादा, गोळ्या ठरावीक मापाच्या येतात, मागेपुढे एवढं चालतं. शंका असेल तर उद्या त्यांनाच विचारा, मनाने तुकडा वाढवू नका. मलम आज रात्रीच लावा, नखांखाली पण, आणि ह्या वेळी बाबांचंही त्याच रात्री.

नवा_सभासद_८८ (१२ जुलै, रात्री ११:१४)

हो. वहिनी दारात उभ्या आहेत ट्यूब घेऊन.